हिरवा त्रिकोण आणि लाल ठिपका

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

संगणकाच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलांकडे पाहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. पडद्याच्या वरच्या बाजूला छोट्या छोट्या चित्रांची एक पट्टी असते. तिला टूलबार म्हणतात. तिच्यात वीस-पंचवीस बटणं असतात. पण मुलांचा माऊस फिरून फिरून एकाच बटणावर येऊन थांबतो. ते बटण म्हणजे हिरवा त्रिकोण. टेपरेकॉर्डरवर गाणं सुरू करायला जे चिन्ह असायचं, तेच हे. तो दाबला की आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालू होतो. उत्तर बरोबर आलं तर आनंद. चुकलं, तर कुठला तरी एक आकडा बदलायचा आणि पुन्हा त्रिकोण दाबायचा. बाकीची बटणं शोभेसाठी असावीत, असाच एकूण समज!

आज मला त्या बाकीच्या बटणांविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे प्रोग्रॅम लिहायचे आहेत? खरं आहे. पण विजेचं बिल, बँकेचं व्याज, पगारातली कपात, हे सगळं कुणी तरी लिहिलेल्या प्रोग्रॅममधूनच आपल्यापर्यंत येतं. तो लिहिणाऱ्याला आपली चूक शोधता येते की नाही, याच्याशी आपल्या खिशाचा संबंध आहे. शिवाय आज घरोघरी एखादा मुलगा किंवा मुलगी हे शिकत असतेच.

दोनशे चाळीस रुपये गेले कुठे?

माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिच्या घरी दोन गाई. वडील रोज गावातल्या संकलन केंद्रावर दूध घालायचे आणि दर दहा दिवसांनी बिल मिळायचं. सराव म्हणून तिने या बिलाचाच प्रोग्रॅम लिहायला घेतला. दहा दिवसांचं दूध मांडलं : ८, ७, ८, ९, ८, ७, ८, ८, ९ आणि ८ लिटर. बेरीज ८०. हिशेब सोपा राहावा म्हणून दर धरला लिटरला ३० रुपये. म्हणजे बिल व्हायला हवं २४०० रुपये. वडिलांनी वहीत तेवढंच मांडलं होतं. प्रोग्रॅम मात्र दाखवत होता २१६०.

दोनशे चाळीस रुपये कमी! प्रोग्रॅमने कसलीही तक्रार केली नव्हती, लाल अक्षरांत काही सांगितलं नव्हतं. अगदी शांतपणे, आत्मविश्वासाने तो चुकीचं उत्तर देत होता. तिचा संशय दर ठरवणाऱ्या भागावर होता, कारण फॅटप्रमाणे दर काढण्याचं किचकट काम तिथे होतं. संध्याकाळभर तिने तिथेच बदल केले आणि दर बदलानंतर हिरवा त्रिकोण दाबला. उत्तर तेच. शेवटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, गणित बरोबर आहे, तरी उत्तर चुकतं."

मी तिला म्हणालो, "तू प्रोग्रॅम पळवते आहेस. त्याला एकदा चालताना बघ."

हे चालताना बघणं कसं जमतं, ते सांगण्याआधी ही पट्टी आली कुठून, हे थोडक्यात पाहू.

एका छपराखाली

पूर्वी प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे मोठाच खटाटोप होता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसवला गेला. त्या काळात प्रोग्रॅम जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून लिहीत, कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्रात देत आणि छापील उत्तराची वाट पाहत. एक स्वल्पविराम चुकला, तरी पुन्हा पहिल्यापासून.

पुढे पडदा आणि कळफलक आले, तरी कामं वेगवेगळीच राहिली. मजकूर लिहायला एक साधन, संगणकाला समजेल अशा रूपात तो बदलायला दुसरं, त्याचे तुकडे जोडायला तिसरं आणि चुका शोधायला चौथं. सुताराला करवत एका गावात, रंधा दुसऱ्या गावात ठेवावा लागला तर काय होईल, तसं ते होतं. बोर्लंड कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कल बाजारात आणलं, तेव्हा लिहिणं, रूपांतर करणं आणि चालवणं एकाच पडद्यावर आलं, आणि तेही पन्नास डॉलरच्या आत. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कित्येक पिढ्या ज्या निळ्या पडद्यावर सी भाषा शिकल्या, ते टर्बो सी याच घराण्यातलं. अशा एकत्र साधनाला आयडीई म्हणतात. मराठीत आपण त्याला प्रोग्रॅम लिहिण्याचा एकात्मिक कारखाना म्हणू या.

कारखाना मोठा झाला, आज्ञा शेकड्यांनी वाढल्या. मेनूच्या आत मेनू तयार झाले. मग रोज लागणाऱ्या आज्ञा चित्ररूपात वरच्या पट्टीवर आणून ठेवल्या गेल्या. स्वयंपाकघरात मीठ, हळद, तिखट, मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी असतात आणि दालचिनी मागच्या फडताळात, तसंच हे. टूलबारवर वेगळी अशी जादू काही नसते. त्यावरची जवळजवळ प्रत्येक आज्ञा मेनूतही असतेच. फक्त इथे ती एका टिचकीवर मिळते.

उदाहरणासाठी आपण मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ घेऊ. ते १९९७ साली आलं आणि आजही वापरात आहे. माझी विद्यार्थिनी त्याच्यावरच काम करत होती.

पट्टीवर काय काय असतं?

डावीकडून सुरुवात केली तर आधी भेटतात फाइल उघडण्याची आणि जतन करण्याची बटणं. जतन करायला फ्लॉपीचं चित्र. सोनी कंपनीने २०११ साली साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री बंद केली. आजच्या मुलांनी फ्लॉपी हातात धरलेलीही नाही, पण चित्र तेच राहिलं. एका फ्लॉपीचा अर्थ समोरची फाइल जतन करा, आणि एकामागे एक फ्लॉप्यांचा अर्थ सगळ्या उघड्या फाइली जतन करा. कुठल्याही चित्राचा अर्थ कळला नाही, तर माऊसचा बाण त्यावर क्षणभर नुसता ठेवावा. दाबू नये. बटणाचं नाव आपोआप उमटतं, आणि बहुतेक वेळा त्याच कामासाठी कळफलकावरची कळ कोणती, तेही दिसतं.

पुढे एक छोटी चौकट असते. तिच्यात लिहिलेलं असतं 'डीबग' किंवा 'रिलीज'. नवशिके तिच्याकडे पाहतच नाहीत. 'डीबग' म्हणजे कच्ची बांधणी. घर बांधताना परांची असते ना, तशी. चूक शोधायला सोयीची, पण काहीशी संथ. 'रिलीज' म्हणजे परांची काढून लोकांच्या हाती द्यायचं घर. त्यात वेगासाठी संगणक आतल्या गोष्टींची फिरवाफिरव करतो, त्यामुळे तिथे चूक शोधायला बसलं, तर एखादी किंमत दिसते, एखादी दिसतच नाही. म्हणून शोधताना चौकटीत 'डीबग' आहे ना, हे आधी पाहावं, आणि काम पुरं झालं की 'रिलीज' करून द्यायला विसरू नये.

त्यानंतर आपला हिरवा त्रिकोण. तो दाबला की दोन कामं होतात. लिहिलेल्या मजकुराची नव्याने बांधणी होते आणि मग प्रोग्रॅम सुरू होतो. बांधणीतच चूक निघाली तर एक चौकट पुढे येते. तिचा मथितार्थ असा : बांधणी फसली आहे, मागची यशस्वी ठरलेली आवृत्ती चालवू का? घाईत मुलं 'हो' म्हणतात. मग जुनाच प्रोग्रॅम चालतो आणि केलेल्या बदलाचा काहीच परिणाम दिसत नाही. "मी दुरुस्त केलं, तरी तेच उत्तर येतंय," असं कुणी म्हणालं की मी आधी या चौकटीची चौकशी करतो. तिथे 'नाही' म्हणावं आणि खालची चुकांची यादी पाहावी. यादीत चाळीस चुका असल्या तरी घाबरू नये. पहिली दुरुस्त करावी. अनेकदा बाकीच्या तिचीच पिल्लं असतात.

अलीकडच्या आवृत्त्यांत भरीव त्रिकोणाच्या शेजारी एक पोकळ त्रिकोणही असतो. तोही प्रोग्रॅम चालवतो, पण चूक शोधण्याची यंत्रणा न जोडता. आता आपण ज्याच्याकडे वळतो आहोत, तो लाल ठिपका या पोकळ त्रिकोणाला जुमानत नाही. भरीवच दाबायला हवा.

लाल ठिपका, पिवळी ओळ

चूक शोधून काढण्याला डीबगिंग म्हणतात. बग म्हणजे किडा. हा शब्द यंत्रांतल्या दोषांसाठी अभियंते फार पूर्वीपासून वापरत होते. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि शेजारी गमतीने नोंद केली. तो किडा डोळ्यांना दिसला, चिमट्याने काढता आला. आपले किडे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी साधनं लागतात.

पहिलं साधन म्हणजे लाल ठिपका, म्हणजेच ब्रेकपॉइंट. प्रोग्रॅमच्या ज्या ओळीवर संशय आहे, तिच्या डाव्या समासात टिचकी मारली की लाल ठिपका उमटतो. एफ-९ ही कळही तेच काम करते. आता हिरवा त्रिकोण दाबला की प्रोग्रॅम धावत येतो आणि ठिपक्यापाशी, लाल सिग्नलला गाडी उभी राहावी तसा, उभा राहतो. ती ओळ पिवळी होते. इथे पुष्कळांची फसगत होते, म्हणून नीट लक्षात ठेवा. पिवळी ओळ ही अजून झालेली नसते. ती आता होणार असते. आणि प्रोग्रॅम बिघडलेला किंवा अडकलेला नसतो. तो तुमची वाट पाहत असतो.

थांबलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठल्याही नावावर माऊस नेला की त्या क्षणी त्यात कोणती किंमत आहे, ते दिसतं. अंदाज करायची गरजच उरत नाही.

दुसरं साधन म्हणजे तीन बाण. प्रोग्रॅम सुरू झाला की टूलबारवर ते दिसू लागतात. त्यांची नावं आहेत स्टेप इन्टू, स्टेप ओव्हर आणि स्टेप आउट. नावांनी गोंधळ होतो, म्हणून मी वर्गात पुरणपोळीचं उदाहरण देतो. पुरणपोळीची कृती वाचताना एक ओळ येते : 'पुरण करून घ्या.' आता पुरणाची स्वतःची वेगळी कृती आहे. डाळ शिजवा, कट काढा, गूळ घाला, आटवा, वाटा. तुम्हाला पुरण नीट जमतं याची खात्री असेल, तर ती ओळ एका दमात करून तुम्ही पुढच्या ओळीवर जाता. हे स्टेप ओव्हर, एफ-१०. ठिपक्यावरून उडी मारणाऱ्या बाणाचं चित्र. पण पुरणातच काही बिघडतंय असा संशय असेल, तर त्या कृतीच्या आत शिरून एकेक पायरी पाहता. हे स्टेप इन्टू, एफ-११. खाली ठिपक्याकडे जाणारा बाण. आणि आत शिरल्यावर वाटलं की इथे सगळं ठीक आहे, तर उरलेलं पुरण एकदम पुरं करून पोळीच्या कृतीवर परत येता. हे स्टेप आउट. वर येणारा बाण, शिफ्ट आणि एफ-११.

स्टेप ओव्हर म्हणजे ती ओळ वगळणं, असं कित्येकांना वाटतं. तसं नाही. पुरण होतंच. फक्त आपण शेजारी उभं राहून पाहत नाही, एवढंच.

पहिल्या दिवसाचं दूध

आता पुन्हा दुधाच्या बिलाकडे. दहा दिवसांचं दूध एकापाठोपाठ एक मिळवत जाणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये होती. मी तिला तिथे लाल ठिपका द्यायला सांगितलं. त्रिकोण दाबला. ओळ पिवळी झाली. मग एफ-१० एकदा, फक्त एकदा. "एकूण दूध किती झालं बघ." तिने माऊस नेला. आकडा होता ७.

ती गप्प झाली. शेजारच्या कागदावर वडिलांच्या वहीतले आकडे होते. पहिल्या दिवशीचे ८. "सर, पहिल्या दिवसाचं दूध कुठे गेलं?"

उत्तर समोरच होतं. दिवस मोजणाऱ्या चलाची किंमत तिने पाहिली, ती होती १. त्या भाषेत रांगेची मोजणी शून्यापासून होते. पहिला दिवस म्हणजे शून्य क्रमांक, दहावा म्हणजे नऊ. तिने माणसाच्या सवयीने एकपासून सुरुवात केली होती आणि दहाच्या आत थांबायला सांगितलं होतं. म्हणजे फेऱ्या झाल्या नऊच. पहिल्या दिवसाचं ८ लिटर दूध हिशेबात आलंच नाही. ८ गुणिले ३०, दोनशे चाळीस रुपये. दराच्या ज्या भागात तिने संध्याकाळ घालवली होती, तो पूर्ण निर्दोष होता. संशय एकीकडे आणि चोर दुसरीकडे!

तिने लाल चौकोन दाबून प्रोग्रॅम बंद केला, एकच्या जागी शून्य लिहिलं आणि पुन्हा चालवला. २४००.

एक गोष्ट ध्यानात घ्या. तिची मोजणी रांगेच्या पलीकडे गेली असती, तर प्रोग्रॅम तिथेच कोसळला असता आणि चूक लगेच कळली असती. ती अलीकडेच थांबली, म्हणून चूक लपून राहिली. कोसळणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा शांतपणे चुकणारा प्रोग्रॅम जास्त धोक्याचा. अशा प्रोग्रॅमवर एखादं केंद्र चाललं असतं, तर गावातल्या प्रत्येक घराचं दर दहा दिवसांतलं एक दिवसाचं दूध फुकट गेलं असतं. ज्याची वही घरी आहे, त्याने भांडण केलं असतं. ज्याची नाही, त्याचं काय?

खात्यांची संख्या मोठी असेल तर लाल ठिपक्याला अटही घालता येते. ठिपक्यावर माऊसची उजवी कळ दाबून सांगायचं की अमुक क्रमांकाचं खातं आलं तरच थांब. मग तीनशे खात्यांत तक्रार आलेलं नेमकं एक खातं आपल्यापुढे उभं राहतं.

आपली पट्टी, आपली सवय

टूलबार आपल्या सोयीने लावता येतो. पट्टीवरच्या मोकळ्या जागी उजवी कळ दाबली की उपलब्ध पट्ट्यांची यादी उघडते. हव्या त्यांच्यापुढे खूण करायची, नको त्यांची काढायची. एखादी पट्टी चुकून नाहीशी झाली, तर तीही याच यादीतून परत आणता येते. ती गेली म्हणून सगळं सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. एखादं बटण मंद दिसत असेल, तर ते बिघडलेलं नसतं. आत्ताच्या स्थितीत त्याचा उपयोग नाही, एवढंच ते सांगत असतं. सगळ्याच पट्ट्या उघडून ठेवण्याचा हव्यासही नको. लिहायला जागाच उरत नाही.

चित्रं ओळखीची झाली की हळूहळू कळा वापरायला लागावं. हात कळफलकावरून हलवावा लागत नाही, काम भराभर होतं. ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांना तर कळांचाच आधार असतो. मात्र एक सावधगिरी हवी. प्रत्येक कारखान्याच्या कळा निराळ्या. व्हिज्युअल स्टुडिओत एफ-५ म्हणजे पुढे चालू दे, तर जावासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्लिप्समध्ये चूक शोधताना एफ-५ म्हणजे आत शीर. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की फजिती ठरलेली. बाण आणि त्रिकोण मात्र सगळीकडे जवळपास सारखेच असतात. म्हणून आधी चित्राचा अर्थ शिकावा, कळ नंतर.

आज याच खिडकीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीसही येऊन बसले आहेत. चार शब्दांत काम सांगितलं की ते पानभर प्रोग्रॅम लिहून देतात. सोय मोठी आहे. पण जो मजकूर आपण स्वतः लिहिला नाही, त्याच्या पोटात काय आहे, हे कळायला तर लाल ठिपका जास्तच लागतो. शून्य आणि एकचा घोळ त्यांच्याही हातून होऊ शकतो.

तुमच्या घरी कुणी प्रोग्रॅमिंग शिकत असेल, तर त्याला एक छोटा स्वाध्याय द्या. बरोबर चालणारा एखादा प्रोग्रॅम घ्यायचा, पहिल्याच ओळीवर लाल ठिपका द्यायचा आणि एफ-१० दाबत शेवटपर्यंत चालत जायचं. दर पावलाला, आता कोणता आकडा येईल, ते आधी कागदावर लिहायचं आणि मग माऊस नेऊन पाहायचं. अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात तो पिवळ्या ओळीकडे नुसता बघत बसलेला दिसला, तर "काम कर की," असं म्हणून त्याला उठवू नका. त्याचं काम चाललेलं असतं.

माझ्या विद्यार्थिनीने नंतर तो प्रोग्रॅम घरी नेला. पुढचं बिल आलं, तेव्हा वडिलांनी वहीतला आकडा आधी सांगितला नाही. तिच्या प्रोग्रॅमचं उत्तर आलं, मग वही उघडली. दोन्ही आकडे जुळले. वही मात्र त्यांनी बंद केलेली नाही, असं ती सांगत होती. मला वाटतं, त्यांचं बरोबर आहे.